रुमालाखालचा हात

माझ्या बायकोला माझ्या पाठीवरचा तीळसुद्धा ठाऊक आहे. ही गोष्ट तिला ठाऊक नाही. आई गेली, तिच्या कानावर कधी घातली नाही. गाणगापुरात देवापुढं उभा राहिलो, तेव्हा ओठ हलवले, पण हे सोडून बाकीचं सगळं बोललो. मग तुम्हाला का सांगतो आहे? — तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल. किंवा आता सांगून कुणाचं काही व्हायचं उरलेलं नाही, म्हणून असेल. नीट सांगता येत नाही. तुम्ही बसला आहात, तर ऐका.

मी मंठाळचा, कल्याणी तालुक्यातला. शाळा चौथीत सोडली. सोडली म्हणजे — एक दिवस गेलो नाही, आणि मग गेलोच नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत सगळं उर्दू. मास्तर उभं करायचे आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. छातीत धडधड सुरू व्हायची, ती बाकीच्या पोरांनाही ऐकू जात असेल असं वाटायचं. येत असलेलं उत्तरसुद्धा मग यायचं नाही. बाप मला काही बोलला नाही. शेजारच्याशी बोलताना एवढंच म्हणाला, "आमचं दिगंबर भित्रं निघालं." मी ओट्यावर होतो. त्याला वाटलं मी आत आहे.

तर असा मी, मिसरूड फुटायच्या आत गुलबर्ग्याला आलो. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मंठाळच्या माणसाला गुलबर्गा म्हणजे दुसरा मुलूख. गंजात, म्हणजे धान्याच्या मोठ्या बाजारात, शरणप्पा नावाच्या अडत्याकडं पोती शिवायला लागलो. शेतकरी गाडी घेऊन यायचा आणि अडत्या त्याचा माल खरीददाराला विकून द्यायचा. तुरीचा मोसम होता. पहिल्याच आठवड्यात मी पोत्यांच्या थप्पीमागं बसून रडत होतो, तिथं मला नागनाथअण्णांनी पाहिलं.

अण्णा त्या अडतीचे दलाल. मादन हिप्परगा गावचे. उंच माणूस, पांढऱ्या मिशा आणि हात मोठे, कोरडे, उन्हाळ्यातसुद्धा गार.

"कामून रडायलास? भूक लागली, का माय आठवली?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग आधी भूक बघू. माय काय, भाकरी खाता खाता बी आठवती."

त्यांनी मला घरी नेलं. अक्कांनी — त्यांच्या बायकोला सगळा मोहल्ला अक्का म्हणायचा — भाकरी आणि पुंडीची आंबट भाजी वाढली. मी खाली मान घालून बसलो होतो. "खा रे लेकरा," अक्का म्हणाल्या, "लाजून पोट भरतंय व्हय?" त्या दिवसापासून मी त्या घरी जेवलो. कपडे अक्कांनी धुतले. हिवताप आला तेव्हा पायाशी अक्का होत्या आणि उशाशी अण्णा. हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढं सांगताना कदाचित ते नीट सांगितलं जाणार नाही.

दोन-तीन मोसम गेले आणि अण्णांनी मला आपलं काम शिकवायला घेतलं.

हे काम आता कुणी पाहिलेलं नसणार. आमच्याकडं भाव तोंडानं ठरत नसे. दलाल आणि खरीददार समोरासमोर मांडी घालून बसायचे, मध्ये रुमाल टाकायचे आणि त्या रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे. किती बोटं धरली, बोटाचं कोणतं पेर दाबलं, त्यावरून भाव कळायचा. तोंडानं मात्र पाऊसपाणी चाललेलं, कुणाच्या लेकीचं लग्न चाललेलं. मालाचा धनी शेतकरी बाजूला उकिडवा बसून रुमाल कसा हलतो ते बघत राहायचा. याला हत्ता म्हणायचे.

आता तुम्हीच बघा — तुमचा हात दुसऱ्याच्या हातात. घाम सुटला, त्याला कळलं. बोट जरा कचरलं, त्याला कळलं. तोंडावरचं लपवता येतं. हातावरचं कसं लपवायचं? आणि मी तर चौथीतसुद्धा काही लपवू शकलो नव्हतो.

रुमाल पडला की माझं सुरू व्हायचं. आधी छाती. मग बोटांच्या टोकांना मुंग्या, आणि मुंग्या आल्या की समोरच्यानं कोणतं पेर दाबलं हेच कळेनासं व्हायचं. मला वाटायचं, मला काहीतरी मोठा आजार आहे. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे छातीवर हात ठेवून बघायचं, आज कशी आहे? जितकं बघावं तितकी ती बिघडायची. ती बिघडली की आणखी बघायचं.

"हात कामून ओला हाय तुझा?" एकदा अण्णांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मरणार आहे असंही सांगितलं.

अण्णा हसले नाहीत. शेजारच्या पोत्यातून त्यांनी तुरीचा एक दाणा काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला.

"ह्यो तोंडात टाक. चावायचा न्हाई. जिभेनं त्येची साल काढायची. साल निघंस्तवर छातीकडं बघायचं न्हाई."

"आन निघाली की?"

"दुसरा दाणा. गंजात तुरीला काय तोटा हाय का लेका?"

तुम्ही हसाल — पण चाललं ते. धडधड थांबली का, ते मला सांगता येणार नाही. ती होत असेलही. मी तिथं नव्हतो, जिभेच्या टोकाशी होतो. रुमालाखाली माझी बोटं आपलं आपलं काम करायला लागली. खरीददार मला ओळखायला लागले. छातीवर हात ठेवून उठणं कधी बंद झालं, ते कळलंसुद्धा नाही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. गाड्यांची गर्दी होती म्हणून मीही पोत्यांची तोंडं शिवायला बसलो होतो. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "हाताला काय झालंय रे?" बघतो तर दाभण तळव्यात शिरून गेलेलं, रक्त वाळून काळं पडलेलं, दोन-तीन पोत्यांना डाग. मला पत्ता नव्हता. आणि बघितल्याबरोबर असा ठणका सुरू झाला की डोळ्यात पाणी आलं.

"बघ," अण्णा म्हणाले. "दुपारधरून रगत यायलंय, आन दुखायलंय आत्ता, मी सांगितल्यावर." ते माझ्या तळव्यावर हळद दाबत होते. "आता सांगितलं नसतं तर जेवून झोपला असतास की रे."

हे त्यांनीच मला शिकवलं. मी कुठून दुसरीकडून शिकून आलो नव्हतो.

पुढचं सांगायचं तर — गंजात तुम्ही कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की नागनाथअण्णांचा हात वयानं गेला. कापायला लागला. दलालाचा हात कापायला लागला की तो संपला. असं होतं. हमालाची कंबर जाते, दलालाचा हात जातो. मीही लोकांना असंच सांगितलं. बायकोलाही असंच. माझं ऐकून ती हळहळली आणि म्हणाली, "तुम्ही तर तेंची किती काळजी घेतली." घेतली. रोज विचारायचो मी त्यांना. सगळ्या गंजानं ऐकलेलं आहे. "अण्णा, आज हात कसाय?" रोज.

हे विचारणं कसं सुरू झालं, ते सांगतो.

अप्पांच्या — आमच्या शरणप्पांच्या — भावानं वाटणी मागितली आणि गंजाच्या त्या टोकाला वेगळी अडत मांडली. निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली. एका दुपारी अप्पांनी आम्हा दोघांना बोलावलं. अप्पांची मराठी कन्नडच्या चालीवर चालायची. "नोड्री, बघा नागनाथ," ते म्हणाले, "हत्त्याला दोन माणसं मला आता झेपत न्हाईत. मोसम संपला की एक ठेवणार मी. हात चांगला, तो राहील."

चांगला हात कुणाचा, हे त्या खोलीतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. अण्णांनी बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकला. "भिऊ नकोस. हिप्परग्याला माझं शेत हाय, भाऊ करायलेत. तिथं सांगतो तुझं. उपाशी मरू देतो व्हय तुला?"

ते खरंच सांगणार होते. मला माहीत होतं. पण मला शेत नको होतं. हिप्परग्याचं नको होतं आणि मंठाळचं तर नकोच. शाळेतून पळालेला आता गंजातूनही परत आला — हे बाप कुणाला तरी सांगणार, आणि मी ओट्यावर असणार. तुम्हाला हे लहान वाटेल. मलाही आता लहान वाटतं. तेव्हा त्याच्यापलीकडं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे थप्पीवर बसलो. गाड्या यायच्या आधी अण्णा रोज माझ्याबरोबर हत्त्याची उजळणी करायचे. रुमाल टाकायचे आणि एकेका खरीददाराची नक्कल करायचे, रुमालाखाली, नुसत्या बोटांनी. "वळख कोण?" हा अंगठीवाला, मुद्दाम अंगठी रुतवतो. हा हैदराबादचा, गुदगुल्या केल्यासारखा भाव सांगतो. हा आपला वाणी, एकेक पेर सोडताना जीव सोडल्यासारखं करतो. हत्ता करताना अण्णा डोळे मिटायचे. बोटांनी ऐकायचं असतं, म्हणायचे.

त्या सकाळी माझ्या तोंडात दाणा होता, पण लक्ष दाण्यात नव्हतं. अप्पांचं बोलणं कानात होतं. छाती सुरू झाली, बोटं सुरू झाली आणि माझा हात कापायला लागला.

अण्णा थांबले. डोळे मिटलेलेच.

"कुणाचा हात कापायलाय रे?"

तुम्ही कधी कुणाचा हात हातात धरून बघा, वर कापड टाकून. घट्ट धरा. एक हात थरथरला की दोन्ही थरथरतात. कुठून सुरू झालं ते कळत नाही.

मी म्हणालो, "तुमचा, अण्णा."

एवढंच. दोन शब्द. भिऊन गेले तोंडातून — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पहिल्या दिवसापुरतं ते खरंही असेल.

अण्णांनी डोळे उघडले. "माझा? हात्तिच्या!" त्यांनी रुमाल बाजूला केला आणि हात समोर धरला, बोटं पसरून, उन्हात. दगडात कोरल्यासारखा हात. "कुठं कापायलाय?"

"रुमालाखाली कापत होता," मी म्हणालो.

त्यांनी हात उलटा केला, पालथा केला. हसले. मग पुन्हा एकदा समोर धरून बघितला. ते दुसऱ्यांदा बघणं — ते मी पाहिलं. आणि मला लगेच कळलं की काय झालं आहे. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी कित्येक सकाळी छातीवर हात ठेवून उठलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी माझा हात कापत नव्हता. मला आदल्या रात्री छान झोप लागली होती — हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी रुमालाखाली माझा हात शांत होता, अण्णांचाही शांत होता. आणि मी माझा कापवला. थोडासाच. जितका कालचा होता तितकाच. अण्णांची पापणी हलली. मीच म्हणालो, "आज जरा कमी हाय, न्हाई का अण्णा?"

हे ते. यासाठी इतका फेरा घातला.

नंतर फार काही करावं लागलं नाही. चार-पाच सकाळी झाल्या आणि मी हात कापवणं सोडून दिलं, कारण आता गरज नव्हती. आता ते स्वतःच बघायला लागले होते. चहाची बशी उचलली की बशीकडं बघायचे. धोतराचा सोगा खोवताना थांबायचे. एकदा अक्का म्हणाल्या, "काय हो, हातावर कसली भविष्यं वाचायलाव?" ते हसले, पण हात मांडीखाली घेतला. मी फक्त विचारायचो. काळजीच्या आवाजात, सगळ्यांसमोर. "अण्णा, आज हात कसाय?" हमाल ऐकायचे. गाडीवाले ऐकायचे. आणि मग तेही विचारायला लागले, चांगल्या मनानं. गंजात एखाद्या माणसाची सगळ्यांनी विचारपूस करणं, यापेक्षा वाईट त्याच्यासाठी काही नाही, हे मला तेव्हा समजलं. समजलं म्हणून मी थांबलो का? नाही.

हात खरंच कापायला लागला. उन्हात, रुमालाशिवाय, सगळ्यांना दिसेल असा. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस ते मला म्हणाले, "दिगू, छातीत बी कसंतरी करायलंय. तुला व्हायचं तसंच. रुमाल टाकला की सुरू व्हतंय."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? मी पोत्यातून दाणा काढून त्यांच्या हातावर ठेवायला पाहिजे होता. निदान तेवढं. दाणा सुचला मला. तुम्हाला वाटेल नंतर सुचला — नाही, तेव्हाच सुचला, पोतं कोपराशी होतं. मी म्हणालो, "जरा जपा अण्णा. लक्ष ठेवा त्याच्यावर."

लक्ष ठेवा, म्हणालो.

त्यांनी स्वतः दाणा करून बघितला असेल का? असेल. पण ज्यानं दुसऱ्याला झोपवायची अंगाई रचली, त्याला ती गाऊन स्वतःला झोप लागते का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मी एकच प्रश्न विचारत होतो.

मग तो हैदराबादचा खरीददार आला. थट्टेखोर माणूस, मनानं वाईट नव्हता. उन्हाळा तोंडावर, सगळे घामानं निथळत होते. रुमालाखाली हात धरून तो मोठ्यानं म्हणाला, "क्या नागनाथ, हाथ को थंडी लगी क्या? रजाई मंगाऊं?" सगळे हसले. अण्णाही हसले. आणि हसता हसता त्यांची बोटं चुकली. सौदा झाला, रुमाल उचलला आणि भाव ऐकून शेतकरी उभाच राहिला. नुसता अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिला. अप्पांनी कमी पडलं ते आपल्याकडून भरून दिलं आणि विषय संपवला.

विषय अण्णांनी संपू दिला नाही. संध्याकाळी ते आपणहून अप्पांसमोर गेले. मी गादीच्या कडेला होतो. "अप्पा, माझा हात गेला," ते म्हणाले. "लोकाच्या मालाशी खेळ न्हाई करायचा. पोराला ठेवा. पोराचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय आता." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यानंच पहिल्यांदा वळखलं. माझं मला कळलं नव्हतं, ह्याला कळलं. लेकरासारखी काळजी केली माझी."

अप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली. कौतुकानं.

मी खाली बघत होतो. सतरंजीच्या एका कोपऱ्याचे धागे सुटले होते. ते मला आजही दिसतात; अण्णांचा त्या वेळचा चेहरा दिसत नाही, कारण मी बघितला नाही. तिथं बोलायला किती वेळ लागला असता? माझी छाती धडधडत होती का? — ते मी तेव्हाच तपासलं. धडधडत नव्हती. मला आश्चर्य वाटलं, एवढं आठवतं.

मी राहिलो. अण्णा हिप्परग्याला गेले नाहीत. तिथं भावांच्या घरात कापता हात घेऊन बसणं त्यांना जमलं नसावं. 'त्यांना शेत होतं' हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल — ते शेत किती जणांत वाटलेलं होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. अक्का त्यांना गाणगापूरला घेऊन गेल्या. आमच्या भागात माणसाला असं काही लागलं, ज्याला नाव नाही, की त्याला दत्तापुढं नेऊन बसवतात. सेवा करतात. काही जण बरे होऊन येतात, काही तिथलेच होऊन जातात.

काही वर्षांनी सरकारानं हत्ता बंद केला. आता उभं राहून मोठ्यानं बोली लावायची, सगळ्यांसमोर. हात कुणी धरत नाही, बघत नाही. अण्णांचा आवाज असा होता की गंजाच्या या तोंडाला बोलले की त्या तोंडाचे बैल कान टवकारायचे. मला आवाज नव्हता. तरी मी शिकलो. भीती वाटायची बंद झाली होती, त्यामुळं शिकणं सोपं गेलं.

हत्ता बंद झाला त्याच साली मी गाणगापूरला गेलो. अप्पांनी देवाला काही पाठवलं होतं. त्याआधी मी गेलो नव्हतो. निरोप यायचे, मी मोसम आहे म्हणायचो.

देवळाच्या वाटेवर यात्रेकरूंना पूजेचं सामान विकणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एकाच्या ओट्यावर अण्णा आणि अक्का बसले होते. मी समोरच्या बाजूला, गर्दीत. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. दोघं कापसाच्या वाती वळत होते. अक्का काहीतरी सांगत होत्या, अण्णा मान मागं टाकून हसत होते आणि त्यांचे हात खाली आपलं काम करत होते. कापूस घ्यायचा, बोटांत ताणायचा, मांडीवर फिरवायचा, वात ठेवायची. एकसारख्या वाती. केसभर इकडंतिकडं नाही. मी बराच वेळ बघितलं. तो हात कापत नव्हता. उन्हात पसरून धरला होता त्या सकाळी जसा होता, तसाच होता.

मग त्यांनी वर बघितलं.

"आरं, दिगू!" ते म्हणाले, आणि त्यांचा हात सुरू झाला. वात बोटातून सुटली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, मग दोन्ही हात उपरण्याखाली घेतले आणि तोंडभर हसून म्हणाले, "ये, ये, वर ये."

अक्कांनी बघितलं. त्यांचे डोळे भरले. "तुला बघून जीव भरून आला बघ तेंचा," त्या मला म्हणाल्या. "एरवी हल्ली एवढा न्हाई कापत. आज तू आलास आन..." आणि पदरानं डोळे पुसले.

मी ओट्यावर चढलो. अण्णांच्या शेजारी बसलो. उपरण्याखाली त्यांचे हात हलत होते, कापड हलत होतं, आणि मी त्या कापडाकडं बघत होतो. आता मला त्यांच्याकडून काहीच नको होतं. जागा माझी झाली होती, हत्ता बंद झाला होता, बाप गेला होता. एक वाक्य बोलायचं होतं — त्या दिवशी माझा हात कापत होता, तुमचा नव्हता. तेवढ्यानं कदाचित तो हात त्याच जागी थांबला असता. मला जवळजवळ खात्री आहे की थांबला असता.

बोलावंसं वाटलं का? तुम्हाला खोटं सांगत नाही. नाही वाटलं. ओठापर्यंत येऊन अडकलं वगैरे काही झालं नाही. आत बघितलं तर तिथं काही नव्हतंच. सारवून ठेवलेल्या खोलीसारखं.

मी म्हणालो, "हात कसाय, अण्णा?"

"हाय की. चाललंय. देवाच्या दारात हाय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं वळून नीट बघितलं, त्या पहिल्या दिवशी थप्पीमागं बघितलं होतं तसं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझं जाऊ दे. तुझी छाती कशी हाय रे आता? रातीचं झोप लागती न्हवं?"

"लागती," मी म्हणालो. "छाती बरी हाय."

ते खरं होतं. बरीच होती. आजही आहे.

"चांगलं झालं बघ," अण्णा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. त्यांनी अक्कांना चहा टाकायला सांगितलं. अक्का आत गेल्या, चूल पेटवल्याचा धूर बाहेर आला, आणि आम्ही दोघं तुरीच्या भावाबद्दल बोलत बसलो. चहा आला. अण्णांनी आपला घेतला नाही, सांडेल म्हणून. मी माझा पिऊन बशी खाली ठेवली.